मांडीवरचं पिल्लू

(शेणवे, १९३८. वाघबारशीची सकाळ. शाळामास्तरांची बायको वत्सला अंगणातल्या खाटेवर जुनी पुस्तकं उन्हात घालते आहे. भात कांडायला आलेली सकुबाई मुसळ टेकवून उभी.)

सकुबाई : तवाच बोलले होते ना, बाय? असली चित्रं पोरीला नको दावू, भ्यायची इसरंल. तू हसलीस. काल कमळनं कुत्र्याच्या तोंडात हात घातला.

वत्सला : कालपासून मीही धास्तावलेच आहे. पण पुस्तकातल्या वाघाला कोण भितं हो?

सकुबाई : आज त्याचा सण, आज तरी नाव नको घेऊ गो. जनावर म्हण.

वत्सला : बरं, जनावर. हे बघा, माझ्या आजीच्याही आधीचं पुस्तक. रंग हातानं भरलेत. गिरगावात रद्दीच्या ढिगात सापडलं. कॉलेजात होते तेव्हापासून जमवतेय.

सकुबाई : ह्या चित्रातल्या पोरीच्या मांडीवर काय?

वत्सला : जनावराचं पिल्लू. ती त्याला वाटीनं दूध पाजते. हे पान उघडल्याशिवाय कमळ घास गिळत नाही.

सकुबाई : आन् त्याची आय?

वत्सला : आई... आई कुठंच काढलेली नाही. इतक्या वेळा वाचलं, माझ्या लक्षातच आलं नाही. याच्या जोडीचं पुस्तक तुमच्या रंगूनं नेलंय ना?

सकुबाई : मीच दिलं. नातीनं रडून घर डोक्यावर घेतलं. आता उशाला घेऊन निजते.

वत्सला : म्हणजे मला सांगता, आणि स्वतः...

सकुबाई : नातीपुढं आमचं काय चालतंय?

कमळ : (धावत येऊन) आई, दुसरी वाटी दे ना.

वत्सला : तुझी कुठं गेली?

कमळ : पिल्लांना दिली. भाताच्या उडवीमागं आहेत, पेंढ्यात. दोन.

सकुबाई : मांजराची असतील गो.

कमळ : नाही! अंगावर ठिपके आहेत. आणि पाय एवढे जाड. पुस्तकातल्यासारखे.

वत्सला : कमळ, इकडे ये. हात लावलास?

कमळ : मी नाही. रंगूनं एक मांडीवर घेतलं. म्हणाली, घरी नेते.

सकुबाई : देवा! माझी पोर...

वत्सला : सकुबाई, थांबा, एकट्या नका जाऊ, त्यांची आई जवळच असेल. शेजारच्या महिपतला हाक मारा, डबे बडवत जा. पिल्लू जिथलं तिथं ठेवायला सांगा.

सकुबाई : आन् तुझं पुस्तक? तिच्या हातातच असंल.

वत्सला : राहू दे पुस्तक. आधी रंगू कुठं आहे, तेवढं बघा.