मेंढपाळाचे पाय

मला हट्टी म्हणता ना? मग त्या चित्राचं ऐकाच. मद्रासहून चित्रकला शिकून आलो तो एकच ठरवून, बारामतीच्या आपल्या प्रार्थनामंदिरात नाताळाआधी माणसांचा ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणतात त्या ख्रिस्ताचं चित्र लावायचं. महिनाभर खपलो. शुभ्र झगा, कुशीत कोकरू. मोठ्या दिमाखात ते कऱ्हाटीच्या गणूतात्यांना दाखवलं. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला.

तात्या म्हणाले, "ह्यो कोण?"

"मेंढपाळ. हरवलेलं कोकरू शोधून आणलंय त्यानं."

"ह्येनं? पायाला धूळबी न्हाय. कुठं हुडकलं, अंगणात?"

मी चिडलो. तात्या हसले. "रागावू नका मास्तर. चार दिस चला आमच्यासंगं."

गेलो. दुसऱ्याच दिवशी एक कोकरू बाभळीच्या रानात चुकलं. ते सापडेपर्यंत माझ्या पायांची चाळण झाली. घरी येऊन चित्रातले पाय खरवडले आणि नव्याने रंगवले, भेगाळलेले, काट्यांनी ओरबाडलेले.

मंदिराचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, चित्र पाहून दचकले. "अरे, प्रभूचे पाय असे? लोक काय म्हणतील? जरा स्वच्छ कर."

"साहेब, नको असेल तर चित्र परत नेतो. पण पाय बदलणार नाही. तो आपल्याला शोधायला रानात शिरला होता, गालिच्यावरून नव्हता आला."

पाळकसाहेब स्वतःच्या चकचकीत बुटांकडे पाहत म्हणाले, "हातोडी आण. आणि जरा खाली लाव. पाय सगळ्यांना दिसू देत."