लाल बटण

"...आणि ते आता काढूनच टाकायचं म्हणतोय फैयाज, अब्बांचा जीव तुटतोय, पण..." एवढं ऐकू आलं आणि शेजारच्या हाजराबीनं, लेकीशी फोन चालू असतानाच, मिक्सर लावला! आता काय काढून टाकायचं? मी काय चोंबडी न्हाई हो, पण कानाला झाकण असतं का?

तुमाला सांगते, दुसरं काय असणार? कारखाना! नगरच्या सावेडीत आमच्या भिंतीला भिंत लावून हाजराबीच्या नवऱ्याचा, महमूदभाईंचा, वाजवायच्या कीबोर्डचा कारखाना हाय. त्यांचे वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. महमूदभाईंनी एका बँडवाल्याचा बंद पडलेला विलायती कीबोर्ड उघडला, महिनाभर त्यात डोकं खुपसून बसले आणि प्लायवूडच्या खोक्यात स्वतःचा बनवला! पाथर्डीपासून पारनेरपर्यंत कुठल्या भजनी मंडळात तो न्हाई, सांगा! आणि त्याला डाव्या अंगाला लाल बटण असतंय, सूर वर-खाली सरकवायचं... ते माझ्यामुळं! गच्चीत पापड घालताना मी गात हुते, तर महमूदभाई पळत आले, "रतनताई, परत गा! तुमचा सूर पांढरी पाच आणि काळी चारच्या मधीच राहतोय, कुठल्याच पट्टीत बसंना!" तवापास्नं प्रत्येक नवा कीबोर्ड माझ्या गाण्याला जुळला, की मगच पॅकिंग. तीस वर्षं! एवढा मान सख्ख्या नवऱ्यानं दिला न्हाई.

आणि तो कारखाना काढून टाकायचा? तव्यावर भाकरी करपली, माझं ध्यान फाटकाकडं. तेवढ्यात टेम्पो आला ना! खोकी भरायला लागले... मी काय चोंबडी न्हाई, पण अनवाणी पळाले आणि टेम्पोपुढं आडवी उभी राहिले, "आधी माझ्या अंगावरनं न्या!"

"मावशी, ऑर्डरचा माल हाय," महमूदभाईंचा लेक फैयाज म्हणाला. "कारखाना कुठं हलतोय?"

"मग काढून काय टाकायचं हुतं?"

महमूदभाई चष्मा पुसत बसले... शेवटी हाजराबीच म्हणाली, "लाल बटण गं, रतन. नवं मॉडेल आपोआप सूर पकडतंय. आता गाऊन बघायची गरज..."

म्हणजे काढणार हुते ते खरंच! मलाच!

महमूदभाई हळूच म्हणाले, "एकदा गाऊन तर बघा, ताई." गायले. नव्या मॉडेलच्या काचेवर अक्षरं नाचायला लागली... पांढरी पाच... काळी चार... पांढरी पाच... काळी चार... आणि फट्‌कन काचेवर अंधार!

फैयाजनं कपाळ पुसलं. मग बापलेकात ठरलं, नगरच्या मालाला बटण ठेवायचं, पुण्याच्या मालाचं काढायचं.

तिथली माणसं सुरात गातात म्हणं... गाऊ द्या बापडी!