उसवलेली शिवण

नाही जमायचं म्हटलं ना. पँट आवळायला माझं काही जात नाही, हातासरशी होणारं काम — पण तुझ्या नवऱ्याला कळू न देता? ते दुसऱ्या कुणाकडून करून घे. बस आधी. डोक्यावर उभं राहिलेलं माणूस मला चालत नाही, हात चुकतो. त्या स्टुलावरचे कपडे खाली टाक आणि बस. हं. तर तो आजारी आहे, झडत चाललाय, पँट कमरेवरून घसरली की त्याला समजेल, धीर सुटेल, म्हणून तू गुपचूप घेऊन आलीस. हो ना? रडू नकोस, कापडावर डाग पडतात. तुझ्यासारख्या फार येतात माझ्याकडे. प्रत्येकीला वाटतं, ही अक्कल आपल्यालाच सुचली.

माझ्यावर केलाय हा प्रयोग. माझ्या जावेनं. हीच, पडद्यामागं झोपलीय ती. दोघी याच मशिनवर शिवायचो. तुझ्या नवऱ्याला आहे तोच रोग मला झाला — नाव नको सांगू, मला पाठ आहे. औषधांनी तोंडाची चव गेली, केस गेले, पण ब्लाउज? ब्लाउज अंगाला चापून बसायचा. मी रोज आरशासमोर उभी राहून बाहीत बोट घालून बघायची — जागाच नाही. म्हणजे आहे तेवढीच आहे मी. देवाला हात जोडायची, त्यानं काय केलं होतं कोण जाणे. तुला वाटत असेल, बरंच झालं की, बाईला आशा मिळाली. थांब. एकदा उशी भरायची म्हणून चिंध्यांच्या पिशवीत हात घातला, तर हातात माझ्याच ब्लाउजच्या पट्ट्या. सगळ्या रंगांच्या. आता यातलं तुला काय कळणार — शिवण आत घेतली की जास्तीचं कापड आतच राहू देतात, माया म्हणतात त्याला, माणूस पुन्हा अंगानं भरलं की उसवून सैल करता येतं. हिनं ठेवलं नाही. कापलं. हाताला जाड लागू नये म्हणून, असं नंतर म्हणाली. खोटं. मी काही परत भरायची नाही, हे तिनं कात्रीनं ठरवून टाकलं होतं, आणि वर मला म्हणायची, जाऊबाई, आज चेहऱ्यावर तेज आहे हं तुमच्या.

त्या दिवशी मी जेवले. पोटात पाणी ठरत नव्हतं, तरी जेवले. ओकले, परत जेवले. म्हटलं, हिच्या कात्रीला खोटं पाडल्याशिवाय मरायचं नाही. श्रद्धा श्रद्धा म्हणतात ना, माझी एवढीच. डॉक्टर म्हणाले, चमत्कार. कसला चमत्कार, संताप होता तो.

आता ती पडलीय. रोग वेगळा, खाट तीच. नाही, झडत नाहीये, डॉक्टर म्हणतात वजन आहे तेवढंच आहे. पण नुसती छताकडे बघत पडायची, दूध पुढं केलं की तोंड फिरवायची, वर गोड हसून म्हणायची, आता काय राहिलंय. मला ते हसणं बघवेना. मग मी — जरा जवळ ये, हळू बोलते — मी तिचे ब्लाउज उसवायला लागले. हा मांडीवर आहे तो तिचाच. शिवताना मीच भरपूर माया ठेवली होती. दर धुण्याला सूतभर सैल. घातला की खांद्यावरून उतरतो, तिला वाटतं आपण संपत आलो. अशी बघू नकोस माझ्याकडे. पहिल्यांदा उतरला तेव्हा काय शिव्या दिल्या तिनं मला, बाहेर बसलेलं गिऱ्हाईक उठून गेलं. आणि दूध प्यायली. पेला आपटून. दर वेळी तसंच. म्हणजे बरोबरच आहे ना माझं? चीड आली की माणूस उठतं. मी उठले, तीही उठेल. आणि नाहीच उठली — तर तिनं माझं कापलं होतं, मी तिचं उसवलं, फिटलं.

परवापासून मात्र गप्प आहे. सैल ब्लाउज घातला, निमूट काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. शिवी नाही, काही नाही. दूधही तसंच राहिलं. म्हणून आज जरा जास्तच सैल करतेय, बघू किती गप्प राहते.

काय? बोट कुठं दाखवतेस? हे होय. ठिपके नव्हेत ते, भोकं आहेत, जुन्या टाक्यांची. शिवण उसवली की सुईची भोकं राहतात, धुऊनही जात नाहीत. ओळीनं बघ — ही पहिली शिवण, ही दुसरी, ही तिसरी. तुझ्या नाही लक्षात यायचं, पण शिवणाऱ्या बाईनं नुसता अंगठा फिरवला तरी —

तरी कळतं तिला.

पहिल्याच दिवशी कळलं असणार.

मग शिव्या कशाला देत होती? पेला कशाला आपटत होती, दर वेळी, मी समोर असतानाच? मला दिसावं म्हणून?

अगं ए. जागी आहेस?

झोपली असेल. तू ऊठ. बघत काय बसलीस? पँट — ठेव तिथं. आवळते. कापत नाही, आत ठेवते सगळं. जा आता.