पर्सिमनचे डाग

कोरियातल्या जेजू बेटावरच्या दवाखान्यात लस टोचायच्या रांगेत माझ्यापुढे सोलहून आलेली लेक आणि तिची इथलीच आई बसली होती.

"आई, बाळ झाल्यापासून मी सगळं नैसर्गिकच वापरते. कच्च्या पर्सिमन फळांच्या रसात रंगवलेले कपडे देशील करून बाळाला?"

"शेतात घालायचे ते भुरे कपडे, यनजू?"

"त्यांनी अंगावर पुरळ उठत नाही गं."

"रंगवणाऱ्याचे हात मात्र काळे पडतात. धुऊन निघत नाहीत."

"नैसर्गिकच ना तो रंग."

"तुझ्या लग्नातही नैसर्गिकच होता. पाहुण्यांना दिसू नये म्हणून तू मला हातमोजे घालायला लावलेस."

"जुनं कशाला उकरतेस? नंबर आला आपला. बाळाला धर जरा."

"थांब, आधी हातमोजे घालते."