ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

अगं, मतदार यादी तपासणारी बाई परवा घरी आली. इतकी वर्षं राजधानीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, प्रत्येक विधानसभेला मत दिलं, आणि ती म्हणते, "आंटी, चौथी के स्कूल सर्टिफिकेट पे सुमन, वोटर कार्ड पे मंगल. आप कौन?"

"दोनों मैं! हमारे में शादी में नाम बदलते हैं."

"सरनेम ना?"

"सरनेम भी, नाम भी!"

"सबूत?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तर हा म्हणतो, "मैंने ही बदला, मॅडम. थाली के चावल में अंगूठी से लिखा था."

"थाली है?"

"चावल तो खा लिया!" मी ओरडले. नाव कापलं तर?

"देखते हैं," म्हणून ती गेली. अजून काही कळलेलं नाही.

त्यात काल लेकीच्या होणाऱ्या सासूबाई आल्या. लाडात म्हणाल्या, "सूनबाईचं नाव आम्ही ईश्वरी ठेवणार हं."

मी म्हटलं, "विहीणबाई, पोरगी देतेय, नाव देणार नाही. तिला मत द्यायचंय."