आईचा फोटो आहे तेवढाच

थोरल्या ताईच्या आठ पानी पत्राला तेवढंच मोठं उत्तर जमेना, म्हणून म्हातारबुवांनी चार महिने काहीच लिहिलं नव्हतं. आज पत्रासाठी कागद घ्यायला ते छपाईच्या दुकानातल्या रांगेत उभे होते. त्यांच्यापुढे आईच्या आठवणींची पुस्तिका छापायला आलेली दोघं भावंडं लॅपटॉपवरच्या पानांवरून भांडत होती.

“दादा, पुस्तिकेची वर्ड फाइल करताना तू लिहिलेल्या प्रोग्रामने आईचं भूत केलंय!”

“सगळे फोटो पानाच्या रुंदीचे कर, असं मीच सांगितलं होतं त्याला.”

“अरे, तिचा फोटो पासपोर्टएवढा. ताणलास की चेहरा फाटून धुरकट होणारच!”

“पण एवढ्या मोठ्या पानावर एवढीशी आई?”

“आई दिसेल तरी! जे फोटो पानाबाहेर जातात तेवढेच लहान कर. लहानांना हात लावू नकोस. आटप, आपला नंबर आला.”

“बरं बाई, बदलतो.”

म्हातारबुवा रांगेतून बाहेर पडले. त्यांनी खिशातल्या पोस्टकार्डावर लिहिलं, ‘ताई, मी बरा आहे. तुझी आठवण येते.’ आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत ते टाकलं.