अंजिरावरचा बुलबुल

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेले मास्तर बायकोला कॅमेऱ्यातले फोटो दाखवत होते. शेजारी बसलेल्या टेलरबाईंनी कान टवकारले.

“हा बघ, अंजिरात चोच खुपसलेला बुलबुल.”

“सगळं झाड फस्त केलं मेल्यानं. फोटो मात्र छान आलाय हो.”

टेलरबाईंनी हळूच डोकावलं. फोटोत नुसता धूसर तपकिरी ठिपका होता.

“आता कुठला येतोय? तू जाळी टाकलीस ना झाडावर?”

“सकाळीच काढली.”

“आणि तुझा जॅम?”

“राहू दे. पट्टी सुटल्यावर काय, जाळी बघत बसणार?”

नर्सनं हाक मारली. मास्तरांनी कॅमेरा बायकोच्या हातात ठेवला.

“तोवर तू काढ फोटो.”

“माझा हलेल.”

“हलू दे गं. मीही म्हणेन, छान आलाय.”